लॅपलँडची स्नोमोबाईल सफर: दोन तासांची सोडा, तीन दिवसांची घ्या

फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलँडमध्ये स्नोमोबाईलची, म्हणजे बर्फावर चालवायच्या इंजिनाच्या गाडीची, सफर तीन मापांत विकतात: दोन-अडीच तासांची, दिवसभराची आणि मुक्कामी. मुक्कामी म्हणजे तीन ते पाच दिवस एका लॉजवरून दुसऱ्या लॉजवर जाणारी. गोव्याहून जाणारे बहुधा पहिलं माप उचलतात, कारण पॅकेजमध्ये सांताक्लॉजचं गाव, हस्की कुत्र्यांची गाडी आणि काचेचं इग्लू यांच्या जोडीला तेच बसवलेलं असतं. आमचं मत स्पष्ट आहे. ज्याला गाडी चालवायची मनापासून आवड आहे, त्याने दोन तासांच्या सफरीवर पैसे घालू नयेत. वर भर घालून निदान दिवसभराची घ्यावी, आणि जमत असेल तर मार्च महिन्यात सारीसेल्का ते इनारी या पट्ट्यातली तीन दिवसांची.

दोन तासांचा हिशोब मांडून बघा. वेळ मोजायला सुरुवात होते ती कंपनीच्या ऑफिसात पाय ठेवल्यापासून. ओव्हरऑल, बूट, हातमोजे आणि हेल्मेट यांची मापं बघून ते अंगावर चढवण्यात अर्धा तास सहज जातो. मग गाईड पंधरा मिनिटं गाडी समजावून सांगतो. परत आल्यावर सगळं उतरवायला आणखी दहा-पंधरा मिनिटं. राहिला तासभर, त्यात फोटोसाठी एक थांबा. शिवाय जाहिरातीतला दर दोघांत एक गाडी असा असतो, म्हणजे अर्ध्या वाटेत चालक बदलतो. हँडल हातात येतं ते पंचवीस-तीस मिनिटं, आणि तेही रांगेत, सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने. सिकेरी-कांदोळीहून डॉल्फिन दाखवायला होड्या नेणाऱ्यांना हे गणित समजावून सांगायला नको. तासाभराच्या ट्रिपमध्ये प्रत्यक्ष डॉल्फिन किती वेळ दिसतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हँडलवर किती वेळ मिळणार आणि किती किलोमीटर कापणार? चांगली कंपनी दोन्ही आकडे सरळ सांगते. दिवसभराच्या सफरीत साधारण चार तास गाडी चालते, मुक्कामी सफरीत दिवसाला ८० ते १२० किलोमीटर होतात. दुसरा प्रश्न: एकट्याला वेगळी गाडी मिळेल का आणि त्याचे वरचे पैसे किती? दोन तासांच्या सफरीलाही माणशी शंभर युरोच्या वर पडतात, आणि एकट्याच्या गाडीसाठी त्यावर भर असतेच. ती भर द्यावी. मागे बसणाऱ्याला फक्त थंडी मिळते, हे थोडं कठोर वाटेल, पण खरं आहे. चालकाला काचेचा आडोसा असतो, हातांना आणि डोक्याला काम असतं. मागचा माणूस नुसता बसून गारठतो.

गुलमर्गशी तुलना अनेक जण करतात. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे, बर्फ उत्तम असतो, आणि दाबोळी किंवा मोपाहून दिल्लीमार्गे श्रीनगर गाठलं की दुसऱ्या दिवशी स्नो स्कूटरवर बसता येतं. व्हिसा नको, परवाना नको. पण तिथे चालक सोबत असतो आणि फेरी ठरलेल्या एका ठिकाणापर्यंत जाऊन परत येण्याची. बर्फात एकदा बसून बघायचं एवढीच इच्छा असेल तर गुलमर्ग पुरेसं आहे आणि खर्चही कितीतरी कमी. दिवसभर एका मार्गावरून जंगलात जायचं, दुपारी कोण्या झोपडीत चूल पेटवून सूप प्यायचं आणि संध्याकाळी दुसऱ्याच गावात उतरायचं, हा प्रकार मात्र तिथे नाही.

आता महिना. ख्रिसमसची सुट्टी म्हणून डिसेंबर निवडला जातो, आणि स्नोमोबाईलसाठी नेमका तोच महिना सगळ्यांत अडचणीचा. सारीसेल्का आणि जवळच्या इव्हालोच्या भागात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दुपारी काही तास निळसर उजेड असतो, बाकी हेडलाईटच्या झोतात चालवायचं. बर्फही अजून पातळ असतो. मोठ्या तळ्यांवरचा थर डिसेंबरच्या सुरुवातीला गाड्या पेलण्याइतका भरवशाचा नसतो, म्हणून तळ्यांवरून जाणारे मार्ग उशिरा उघडतात आणि कंपन्या गावाजवळच्याच वाटेवर फिरवतात. मार्चात चित्र उलटं होतं. बर्फाची जाडी भरलेली, तळी घट्ट, दिवस बारा तासांचा, दुपारी शून्याखाली पाच-दहा अंश, आणि रात्री आकाश निरभ्र असलं तर उत्तरेचे प्रकाशही (नॉर्दर्न लाइट्स) दिसतात. मार्चात शिगमो असतो आणि मुलांच्या परीक्षाही, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्यांचं घर पर्यटनावर चालतं त्यांना डिसेंबरात गाव सोडता येतच नाही; त्यांच्यासाठी तरी मार्च सोयीचा पडावा. शाळेतल्या मुलांचं घर असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा बघा. गारठा जास्त, पण मार्ग सगळे उघडे.

कागदपत्रांत सगळ्यांत जास्त घोळ होतो तो लायसन्सचा. फिनलंडमध्ये स्नोमोबाईल चालवायला वाहन परवाना लागतो, आणि सफरीच्या कंपन्या चालकाचं वय साधारण १८ पूर्ण असल्याशिवाय हँडल देत नाहीत. आपल्याकडे कित्येकांजवळ फक्त दुचाकीचं लायसन्स असतं. ते चालेल की चारचाकीचंच हवं, हे त्या त्या कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्यावं, फोनवरच्या 'हो'वर तिकीट काढू नये. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या वाहतूक खात्यातूनच मिळतो. फॉर्म ४-ए, सोबत पासपोर्ट आणि चालू लायसन्स. मुदत एक वर्ष. तो मूळ लायसन्सबरोबरच ग्राह्य असतो, तेव्हा कार्ड घरी ठेवून फक्त पुस्तिका नेली तर ऐन वेळी मागच्या सीटवर बसावं लागेल. मोबाईलमधला फोटो दाखवूनही भागत नाही.

व्हिसा शेंगेनचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. मोठ्या माणसाला फी ९० युरो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात, तेव्हा मार्चच्या सफरीसाठी डिसेंबरातच अर्ज टाकावा. ज्या गोंयकारांकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे त्यांना व्हिसाची गरज नाही; मात्र परत येताना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) जवळ असू द्या. लायसन्स भारतीय असेल तर वरचे सगळे नियम त्यांनाही लागू.

विम्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते बहुतेक प्रवास विम्यांत मिळतं. पण अनेक पॉलिसींमध्ये मोटार लावलेल्या वाहनांचे खेळ आणि साहसी खेळ वगळलेले असतात. स्नोमोबाईल 'स्वतः चालवताना' झालेली दुखापत धरली जाते का, हा प्रश्न याच शब्दांत विचारा आणि उत्तर पॉलिसीच्या कागदावर नोंदवून घ्या. गाडीच्या नुकसानीचा भाग निराळा. कंपनीचा स्वतःचा विमा असतो, पण अपघात झाला तर ठरावीक रकमेपर्यंतचा भुर्दंड चालकाने सोसायचा. हे डिडक्टिबल हजार युरोच्या आसपास असतं. दिवसाला थोडे युरो जादा भरून ते कमी करून मिळतं. पहिल्यांदा चालवणाऱ्याने ते जरूर करून घ्यावं, कारण झाडाला घासलेली एक स्की किंवा फुटलेला पुढचा पत्रासुद्धा त्या रकमेत सहज जातो.

गाडीविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण गोव्यातला माणूस स्कूटरवर वाढलेला असतो आणि त्याला वाटतं, हे आपल्याला जमलंच. अर्धं जमतं. उरलेलं अर्धं मोडून काढावं लागतं.

जमतं ते इंजिनाचं आणि गिअरचं. स्नोमोबाईलला क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत. आतली व्यवस्था ॲक्टिव्हासारखीच: दोन पुली आणि मध्ये रबरी बेल्ट, वेग वाढला की पुलींचा घेर आपोआप बदलतो. पुढे दोन स्की, मागे एक रुंद रबरी पट्टा. भाड्याच्या गाड्या बहुधा चार स्ट्रोकच्या असतात, आवाज आणि धूर दोन स्ट्रोकच्या मानाने कमी. लिंक्स या नावाच्या गाड्या खुद्द लॅपलँडच्या रोव्हानिएमी शहरातच तयार होतात, तेव्हा त्या सगळीकडे दिसतात. रोव्हानिएमीत आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या सफरीही मिळतात. शांतता हवी असेल तर छान, पण लांब पल्ल्याच्या मुक्कामी सफरीला पेट्रोलचीच घ्या.

मोडून काढायची पहिली सवय रेस देण्याची. स्कूटरला मनगट पिळून रेस देतो. इथे उजव्या हँडलखाली एक छोटी पट्टी असते आणि ती अंगठ्याने दाबायची. गडबड कुठे होते? समोर वळण आलं, माणूस घाबरला, की तो हँडल घट्ट आवळतो. आवळताना अंगठाही आवळला जातो आणि गाडी थांबण्याऐवजी उसळी घेते. म्हणून पहिली दहा मिनिटं अंगठा मोकळा सोडून गाडी कशी मंदावते तेवढंच करून बघावं. रेस सोडली की पट्टा स्वतःच गाडीला पकडतो. ब्रेक फार वेळा लागत नाही. ब्रेक डाव्या हाताला आहे. गाडीला एक गुंडाळी झालेली दोरी असते. तिचं एक टोक गाडीच्या स्विचला, दुसरं तुमच्या ओव्हरऑलला अडकवायचं. तुम्ही पडलात की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. फोटोसाठी उतरताना ही दोरी काढली जाते आणि पुन्हा बसताना विसरली जाते. दर वेळी बसल्यावर आधी दोरी, मग चावी.

दुसरी सवय पाय टेकण्याची. वळणावर गाडी कलली की आपण नकळत पाय बाहेर काढतो. पावसाळ्यात डिचोलीच्या लाल चिखलात स्कूटर घसरताना त्या पायानेच आपण वाचतो. स्नोमोबाईलवर हाच पाय मोडतो. गाडीचं वजन अडीचशे किलोच्या आसपास, आणि भुसभुशीत बर्फात टेकलेला पाय खोल रुततो. वरून गाडी आली की गुडघा किंवा घोटा सुटत नाही. दोन्ही पाय पायदानावरच ठेवायचे, काहीही झालं तरी. गाडी आडवी पडायलाच लागली तर हँडल सोडून द्यायचं आणि अंग बाजूला झोकून द्यायचं. बर्फ मऊ असतो.

तिसरी गोष्ट वळणाची. दुचाकी स्वतः आत झुकते. स्नोमोबाईल झुकत नाही, ती सपाट राहायला बघते आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला उलटायला बघते. म्हणून अंग आत टाकायचं, कुल्ले सीटच्या आतल्या कडेला सरकवायचे, आणि मागे कोणी असेल तर त्यानेही त्याच बाजूला झुकायचं. मागचा माणूस ताठ बसला तर चालकाची सगळी मेहनत वाया जाते. वळणात शिरण्याआधी रेस कमी, बाहेर पडताना हलकी वाढवायची. वळणाच्या मध्येच ब्रेक मारला तर स्की सरळ घसरत जातात, कारण वळवायचं काम स्कीखालची धातूची पट्टी करते, पण त्यासाठी मागचा पट्टा फिरतच राहायला हवा असतो.

आणि चौथी, सगळ्यांत धोक्याची: फिनलंडमध्ये उजव्या बाजूने चालवतात. रस्त्यावर ते लक्षात राहतं, कारण पाट्या आणि रेषा दिसतात. जंगलातल्या पांढऱ्या वाटेवर काहीच नसतं. समोरून दुसरी रांग आली की हात आपोआप डावीकडे ओढतो. डाव्या हातमोज्यावर चिकटपट्टीचा एक लाल तुकडा लावून ठेवावा. नजर हँडलवर गेली की आठवण होते.

वेगाची मर्यादा जमिनीवर ताशी ६०, गोठलेल्या तळ्यावर ताशी ८० किलोमीटर. हेल्मेट सक्तीचं. वाट सोडून कुठेही घुसता येत नाही. फिनलंडमध्ये जंगलात पायी फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण तो मोटारीच्या वाहनाला लागू नाही. आखलेले मार्ग सोडले तर जमीनमालकाची परवानगी लागते. सारीसेल्काला लागून असलेल्या उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीचं तर फारच भान ठेवावं लागतं. स्वतःहून गाडी भाड्याने घेऊन फिरायचा विचार असेल तर हे सगळं डोक्यात असायला हवं. पहिल्या खेपेला गाईडसोबतच जावं, असं आमचं ठाम सांगणं आहे.

मुक्कामी सफरीसाठी इनारीचा पट्टा आम्हाला सगळ्यांत आवडतो. इव्हालोच्या विमानतळावरून सारीसेल्का २५ किलोमीटरच्या आसपास. हेलसिंकीहून इव्हालोला विमानाने दीड तास. स्वस्तात जायचं तर हेलसिंकीहून रोव्हानिएमीला रात्रीची आगगाडी, साधारण बारा तास, आणि पुढे बसने चार तासांच्या आत सारीसेल्का. सामान जड असेल तर आगगाडीतला डबा विमानापेक्षा सुखाचा. इनारीचं तळं १,००० चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्यात ३,००० हून जास्त बेटं आहेत. मार्चात त्यावरून जाताना एका बेटाआडून दुसरं बेट उघडत जातं. चोडणच्या फेरीबोटीतून खारफुटीकडे बघायची सवय असलेल्या डोळ्यांना हे दृश्य परकं वाटत नाही, फक्त पाण्याच्या जागी पांढरं मैदान. इनारी गावात सामी या इथल्या मूळ लोकांचं सीडा हे संग्रहालय आहे. त्याला अर्धा दिवस द्या. इथले रेनडियर कोणाच्या तरी मालकीचे असतात, त्यांत सामी कुटुंबं बरीच; ते रानटी नव्हेत. वाटेवर कळप आला तर थांबायचं आणि त्यांना निघून जाऊ द्यायचं. मागे गाडी लावून पिटाळलं तर हिवाळ्यात जेमतेम टिकवलेली त्यांची ताकद पळण्यात जाते.

तळ्यावर दोन गोष्टी बिघडतात. एक, गाडी तापते. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या नळ्या सीटखालच्या पत्र्याला लागून असतात आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आपटून त्या गार राहतात. वाऱ्याने साफ झालेल्या काचेसारख्या थरावर उडायला बर्फच नसतो, मग तापमानाचा दिवा लागतो. दिवा दिसला की गाईडला हात करून कडेच्या भुसभुशीत बर्फात गाडी घाला, काही मिनिटांत दिवा जातो. दुसरी गोष्ट, बर्फाच्या थरावर आणि वरच्या भुशाखाली साचलेलं पाणी. वरून काही कळत नाही. गाडी शिरली की चिखलात रुतल्यासारखी मंदावते. अशा ठिकाणी थांबायचं नाही, रेस तशीच धरून सरळ बाहेर निघायचं. म्हणूनच गाईडच्या चाकोरीतून एक हातही बाजूला जाऊ नये.

वाटेबाहेर गाडी रुतली तर नवखा माणूस जोरात रेस देतो. त्याने पट्टा खाली खणत जातो आणि गाडी आपलाच खड्डा करून बसते. रेस ताबडतोब सोडा. उतरा, पायांनी गाडीपुढचा आणि बाजूचा बर्फ तुडवून घट्ट करा, माती जशी फावड्याने काढतो तसा पट्ट्याखालचा बर्फ काढा. मग एकाने स्कीच्या पुढच्या कड्यांना धरून ओढायचं, दुसऱ्याने अगदी हलकी रेस द्यायची. ओढणाऱ्याने समोर सरळ उभं राहू नये, कडेला राहावं. बेल्ट तुटणं क्वचित होतं. गाईडच्या पेटीत सुटा बेल्ट आहे ना, एवढं सकाळी निघताना विचारून घ्यावं. आपत्कालीन क्रमांक ११२.

थंडीचा अंदाज आकड्यावरून येत नाही, कारण गाडीवर वारा स्वतःच तयार होतो. हवा शून्याखाली २० असेल आणि ताशी ४० ने चाललात, तर उघड्या कातडीला ती शून्याखाली ३४ सारखी लागते. कंपनी वरचे कपडे देते: ओव्हरऑल, बूट, जाड हातमोजे, हेल्मेट. आतले तुमचे. आत सुती गंजी अजिबात नको. कपडे चढवतानाच घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि अर्ध्या तासात पाठ गार पडते. मेरिनो लोकरीचे आतले कपडे दोन जोड, त्यावर फ्लीस, पातळ लोकरी मोज्यांवर एक जाड मोजा. बूट नेहमीच्या मापाहून एक-दोन नंबर मोठे मागा. घट्ट बुटात बोटांना रक्त पोचत नाही आणि कितीही मोजे घातले तरी ती गारच राहतात. हँडल गरम करायचं बटण असतं, पण हातमोजे जाड असतील तर ती ऊब बोटांपर्यंत यायला वेळ लागतो. म्हणून निघण्याच्या पाच मिनिटं आधी ते सुरू करा.

चष्मा लावणाऱ्यांसाठी एक अगदी बारीक पण महत्त्वाची गोष्ट. हेल्मेटची काच आणि चष्मा धूसर होतात ते तुमच्याच श्वासाने. माकडटोपी नाकावर चढवली तर श्वास वर जातो आणि काचेवर गोठतो. तो बर्फ नखाने खरवडायला गेलात की काच ओरखडते. माकडटोपीचं कापड नाकाच्या खाली, तोंडावर ठेवा, आणि नाकाच्या वर हेल्मेटमधलं श्वास अडवणारं रबरी फडकं नीट बसतंय ना, ते बघून घ्या. दुहेरी काचेचं हेल्मेट मागा. थांब्यावर काच उघडून आत श्वास सोडू नका. डोळ्यांत लेन्स घालायची सवय असेल तर या सफरीसाठी लेन्सच बऱ्या.

खोबरेल तेल नेऊ नका. ते २४ अंशांखालीच गोठतं, बाटलीतून निघणार नाही. चेहऱ्यावर मलम चोपडलं म्हणजे हिमदंश टळला असंही नाही, त्याला कापडाचंच आवरण लागतं. दर थांब्यावर एकमेकांचे गाल आणि नाकाचा शेंडा बघा. पांढरट ठिपका दिसला तर त्यावर गरम तळवा धरून ठेवायचा. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही.

एसीच्या खोलीतून बाल्कनीत आलं की कॅमेऱ्यावर वाफ धरते, हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. तिथे ते उलटं होतं: बाहेरून उबदार लॉजमध्ये शिरलं की कॅमेरा ओला होतो. आत शिरण्याआधी बाहेरच तो बंद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि तासभर तसाच राहू द्या. मोबाईल आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेरच्या खिशात त्याची बॅटरी निम्मी असतानाही फोन बंद पडतो. पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, मग तोंड तरी मोकळं राहतं.

जेवण ही तक्रारीची जागा आहे आणि नाहीही. मासे खाणाऱ्याला काहीच अडचण नाही. दुधातलं सॅल्मनचं सूप, बटाटे आणि बडीशेपेसारखी शेपू घातलेलं, थंडीत फार बरं वाटतं. रेनडियरचं बारीक कापलेलं मांस बटाट्याच्या लगद्याबरोबर आणि आंबट लाल बेरींबरोबर देतात. मात्र सोमवारी शिवराक असणाऱ्यांनी आणि कायमच्या शाकाहारींनी वार आणि पदार्थ लिहूनच पाठवावे, कारण जंगलातल्या झोपडीत मेनू कार्ड नसतं. गाईडने सकाळी जे बांधून आणलं असेल तेच मिळतं. 'व्हेजिटेरियन' म्हणताना मासे नकोत हेही वेगळं लिहा. सोबत काजू आणि चिक्की ठेवा. थंडीत अंग जास्त खर्चतं आणि दुपारी तीनला भूक डोक्यात जाते.

लहान मुलांना गाईडच्या गाडीमागे बांधलेल्या घसरगाडीत बसवतात. उंची साधारण १४० सेंटिमीटर झाल्याशिवाय मागच्या सीटवर बसू देत नाहीत, कारण पाय पायदानाला टेकत नाहीत. घसरगाडीत मुलांना पुढच्या पट्ट्याने उडालेला बर्फ आणि धूर लागतो, तेव्हा दोन तासांच्या वर नको. गरोदर बाईने किंवा पाठदुखी असलेल्याने ही सफर घेऊ नये. वाट कितीही सपाट दिसली तरी हादरे बसतात.

बुकिंग करताना गाईडमागे किती गाड्या असतील हे विचारा. सहापर्यंत ठीक. त्याहून लांब रांग झाली की मागच्यांना सतत थांबावं आणि पळावं लागतं. आपल्या गटात घसरगाडीतली मुलं असतील तर सगळ्यांचा वेग त्यांच्यावर ठरतो. नुसत्या मोठ्यांचा गट हवा असेल तर तसं सांगा. पेट्रोल दरात धरलंय का, तापमान फार घसरलं तर सफर रद्द करून पैसे परत मिळतात का, हेही लेखी हवं. गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी फोटो काढा, विशेषतः स्कीचे टोक, पुढचा पत्रा आणि आरसे. जुना ओरखडा तुमच्या नावावर पडू नये.

लॉजमध्ये पोचल्यावर पहिलं काम जेवणाचं नाही, सौनाचंही (गरम वाफेच्या खोलीचंही) नाही. बुटांच्या आतलं लोकरी अस्तर ओढून बाहेर काढा, हातमोजे उलटे करा, आणि या दोन्ही गोष्टी कपडे सुकवायच्या गरम कपाटात टांगा. फिनलंडमधल्या बऱ्याच लॉजमध्ये असं कपाट असतं. अस्तर बुटातच राहिलं तर दिवसभराचा घाम रात्रभर तिथेच मुरतो आणि दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटरच्या आत बोटं सुन्न होतात. कपाट भरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी सहाच्या आत आपले खुंटे पकडा.